आठ ते आठची ड्युटी

पहाटे ५

भांडुपच्या टेंभीपाड्यात आमच्या चाळीत नळाला पाणी पहाटे येतं. मुंबईच्या मोठ्या भागाचं पिण्याचं पाणी महापालिकेच्या भांडुप संकुलात शुद्ध होऊन पुढे जातं, पण टेकडीच्या चढावर दाब कमीच राहतो. म्हणून पाचला उठून आधी हंडे-ड्रम भरायचे, मग भाकऱ्या टाकायच्या, मुलांचा डबा, माझा डबा आणि सासूबाईंच्या गोळ्या ओट्यावर काढून ठेवायच्या.

एवढं झालं की कामाची तयारी. बांगड्या आणि अंगठी काढून ठेवते, नखं वाढलीत का बघते, केस घट्ट बांधते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची कातडी इतकी पातळ झालेली असते की कूस बदलताना बांगडीची कड लागली तरी सोलवटते. अंगठीखाली घाण साचते ती वेगळीच, कितीही हात धुतले तरी ती निघत नाही.

मी पेशंट सांभाळते. माझ्या सर्टिफिकेटवर 'जनरल ड्युटी असिस्टंट' असं लिहिलेलं आहे. घरोघरी कामं लावून देणारे ब्युरोवाले जीडीए म्हणतात आणि ज्यांच्या घरी जाते तिथे सगळे ताई म्हणतात.

सकाळी ७.१५

चढ उतरून नाक्यावर येईपर्यंत शेअर रिक्षांची रांग लागलेली असते. या वेळच्या रिक्षांत निम्म्या बायका आमच्याच कामाच्या. कोणी मुलुंडच्या हॉस्पिटलात, कोणी घाटकोपरला, कोणी पवईच्या टॉवरमध्ये घरचं पेशंट बघते. बहुतेकींच्या पिशवीत युनिफॉर्म, डबा आणि पाण्याची बाटली. बोलणंही ठरलेलं: कुणाचं पेशंट ॲडमिट झालं, कुणाचं गेलं, कुणाची ड्युटी सुटली. पेशंट गेलं की दुसऱ्या दिवसापासून आमची कमाई थांबते. महिनोन्‌महिने ज्या माणसाला भरवलं, पुसलं, त्याचं दुःख करायचं आणि त्याच संध्याकाळी ब्युरोला फोन करून दुसरं काम आहे का विचारायचं, हे आम्हा सगळ्यांच्या वाट्याला येतं.

सकाळी ७.५०

माझं सध्याचं घर व्हिलेज रोडला आहे. आजींना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आजोबा सीएटच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा आणि वहिनी दोघंही नोकरीला. घर दोन खोल्यांचं, त्यातली एक आता आजींची.

दहा मिनिटं आधी पोचायचंच, कारण रात्रीच्या ताईकडून ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घ्यायची असते. आमची एक वही आहे. कुशीवर कधी वळवलं, लघवी किती झाली, शौच झालं का, काय आणि किती खाल्लं, बीपी किती, ताप आहे का, असे रकाने आखलेत. वही वाचून झाली की आम्ही दोघी मिळून आजींना कुशीवर घेतो आणि त्यांची पाठ, माकडहाड, टाचा बघतो. दोघींनी एकाच वेळी बघायचं, म्हणजे पुढे काही दिसलं तर ते केव्हाचं हा वाद राहत नाही.

लालसर दिसलं तर बोटानं दाबून सोडायचं. पांढरं पडून पुन्हा रंग आला तर ठीक. दाबूनही लालच राहिलं तर ती बेडसोरची सुरुवात. सावळ्या अंगावर लाली पटकन कळत नाही, म्हणून तिथली कातडी आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का, हे हाताच्या पाठीनं बघायचं. आणि अशा जागी तेल लावून चोळायचं नाही. घरोघरी प्रेमानं हेच केलं जातं, पण चोळण्यानं आतलं दुखावलेलं मांस आणखी बिघडतं.

सकाळी ८.१५

हात धुणं. साबणानं चाळीस ते साठ सेकंद: तळवे, हाताची पाठ, बोटांच्या फटी, अंगठे, नखांची टोकं. वर्गात पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं आणि परीक्षेतही पहिलं हेच करून दाखवायला लावलं होतं.

मग ताप, नाडी, श्वास, बीपी. श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नसतं. कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नाडीच बघतोय असं दाखवत छातीकडे नजर ठेवायची. बीपीचा पट्टा डाव्या हाताला, लुळ्या हाताला नाही.

आजींना मधुमेहही आहे. साखर तपासून इन्सुलिन वहिनी स्वतः देतात, मी नाही. नर्स व्हायला जीएनएमची तीन वर्षं किंवा बीएस्सीची चार वर्षं शिकावं लागतं, नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. माझं शिक्षण काही महिन्यांचं. इंजेक्शन देणं, सलाइन लावणं, लघवीची नळी बदलणं माझ्या कामात बसत नाही. काही घरी "ताई, द्या ना, तुम्हाला येतं" असा आग्रह होतो. तिथे नम्रपणे नाही म्हणायचं. येतं की नाही हा प्रश्नच नाही. चुकलं तर पेशंटचा जीव जातो.

इन्सुलिन दिलं आणि नंतर नीट खाल्लं गेलं नाही, तर साखर उतरते. बोलणारा माणूस सांगेल की चक्कर येते, घाम सुटलाय. आजी सांगू शकत नाहीत. म्हणून पुढचा तासभर मी त्यांच्या कपाळाकडे बघत असते. घाम, थरथर, एकदम गप्प होणं किंवा उगाच चिडणं, यातलं काहीही दिसलं की लगेच साखर तपासायची. ७० च्या खाली असेल आणि शुद्ध व गिळणं नीट असेल तर साखर द्यायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

सकाळी ८.४५

नाश्ता. तांदळाची पेज किंवा नाचणीचं सत्त्व, थोडं दाटसर. पातळ पाणी घशातून झरकन उतरतं आणि ज्याचं गिळणं मंद झालंय त्याच्या श्वासनलिकेत जातं. दाटसर पदार्थ सावकाश जातो.

वर्गात आम्हा मुलींना एकमेकींना भरवायला लावलं होतं. मी खाटेवर पडले आणि मैत्रिणीनं उभं राहून चमचा पुढे केला. चमचा डोळ्यांच्या वरून येताना दिसला की मान आपोआप मागे जाते, आणि मान मागे गेली की घास चुकीच्या वाटेनं जायला मोकळा. तेव्हापासून मी स्टुलावर बसून, आजींच्या तोंडाच्या पातळीला येऊन, चमचा खालून वर आणते. पाठीला टेकण देऊन त्यांना सरळ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चमचा अर्धाच, आणि घास डाव्या बाजूनं. गिळल्यावर "आ" करायला सांगून उजव्या गालात काही अडकलंय का बघायचं. तिथे घास साठून राहतो आणि त्यांना कळत नाही. आवाज ओलसर, घरघरता आला तर तिथेच थांबायचं. खाऊन झाल्यावर अर्धा तास बसतंच ठेवायचं.

अर्धी वाटी पेज भरवायला अर्धा तास जातो. बघणाऱ्याला वाटतं, बाई नुसती बसलीय.

सकाळी १०

अंग पुसणं. पाणी कोमट आहे ना ते मनगटाच्या आतल्या बाजूनं बघायचं, कारण आजींच्या उजव्या अंगाला चटका कळणार नाही. दार बंद, पंखा बंद, आजोबा बाहेरच्या खोलीत. अंगावर चादर कायम आणि जो भाग पुसायचा तेवढाच उघडा. डोळे आधी, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर, प्रत्येक डोळ्याला कापडाचा वेगळा कोपरा. मग चेहरा, मान, हात, छाती, पोट, पाय, पाठ. गुप्तांग शेवटी, नवीन पाणी आणि वेगळं कापड घेऊन, पुढून मागे. लघवीची नळी अंगापासून बाहेरच्या दिशेनं पुसायची. पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीला टांगायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही.

गाऊन घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. एवढं लक्षात ठेवलं तर खांदा ओढला जात नाही. लुळ्या हाताचे स्नायू खांद्याला धरून ठेवत नाहीत. हाताला धरून कोणी वर ओढलं तर सांधा सरकतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने राहतं. खाटेवर वर सरकवतानाही काखेत हात घालायचा नाही. अंगाखाली आडवी चादर असते, ती दोन्ही बाजूंनी धरून उचलायची. मी एकटी असेन तेव्हा आजोबांना हाक मारते. कारखान्यात काम केलेला माणूस, उचलताना गुडघ्यात वाकायचं हे त्यांना सांगावं लागत नाही.

सगळं करताना मी बोलत राहते. "आजी, आता पाय उचलतेय." "आता कुशीवर वळवतेय." बोलता येत नसलं तरी त्यांना बरंचसं समजतं. न सांगता कोणी अंगाला हात लावला तर तुम्हाला-मला जसा धक्का बसेल तसाच त्यांनाही बसतो.

सकाळी ११

फिजिओथेरपिस्ट ठरलेल्या दिवशी येतात. बाकीच्या दिवशी त्यांनी दाखवलेले व्यायाम मी करून घेते. बोटं, मनगट, कोपर, घोटा, दुखणार नाही इतपतच. मग खुर्चीत बसवणं. व्हीलचेअर त्यांच्या चांगल्या बाजूला, ब्रेक लावलेला, पाय ठेवायच्या पट्ट्या वर केलेल्या. आधी खाटेच्या कडेला पाय सोडून थोडा वेळ बसू द्यायचं, कारण एकदम उठवलं तर बीपी पडतं. माझे गुडघे वाकलेले, पाठ सरळ, त्यांचा लुळा गुडघा माझ्या गुडघ्यांनी अडवलेला. "एक, दोन, तीन" म्हणून उठायचं. आमच्यातल्या कितीतरी जणी कमरेच्या दुखण्यानं हे काम सोडतात. उचलण्याची रीत कोणी शिकवलेली नसते, म्हणून कंबर जाते.

खुर्ची खिडकीशी नेली की आजी रस्ता बघतात.

दुपारी १

आजींचं जेवण सकाळसारखंच, सावकाश. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे वहिनींनी डबीत वार-वेळ लावून ठेवलेल्या असतात. सगळ्या गोळ्या कुटून चालत नाहीत; काहींचं औषध हळूहळू सुटावं म्हणून वर वेगळा थर दिलेला असतो. कुठली कुटायची आणि कुठली नाही, ते डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलंय.

मग माझा डबा. या घरी मी टेबलाशी बसून जेवते आणि आजोबा ताक पुढे करतात. आधी एका घरी माझ्यासाठी कप वेगळा होता आणि जेवायची जागा मोरीशेजारी. ज्या हातांनी त्यांच्या आईला घास भरवायचा, त्या हातांना त्यांच्या भांड्यांची बंदी होती. ती ड्युटी मी पूर्ण केली, पेशंटचा त्यात काही दोष नव्हता. पण ब्युरोला सांगून पुढे त्या घरी गेले नाही.

दुपारी २

डाव्या कुशीवर. पाठीला उशी लावून तिरकं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी. पुन्हा चारला उजव्या कुशीवर, तेव्हा उजवा खांदा अंगाखाली दबणार नाही असा पुढे काढून. एअर बेड आहे, तरी दोन तासांनी वळवणं चुकवायचं नाही.

या साध्या कामाची किंमत काय असते, हे आम्हाला वर्गात एका उदाहरणानं सांगितलं होतं. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ ला त्यांचं निधन होईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी त्यांना सांभाळलं. एवढी वर्षं अंथरुणाला खिळून असूनही त्यांना बेडसोर झाले नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०११ च्या निकालात या सेवेचं मनापासून कौतुक केलं. पिढ्या बदलल्या, पाळ्या बदलल्या, पण वळवणं, पुसणं, भरवणं चुकलं नाही. मला वाटतं, आमच्या कामाचा यापेक्षा मोठा दाखला मुंबईत दुसरा नाही.

दुपारी ३

आजींचा डोळा लागतो. वही पूर्ण करते. पिशवीतली लघवी मापाच्या भांड्यात काढून आकडा लिहिते. रंग गढूळ असेल, वास बदलला असेल तर तेही.

मी दहावी झालेली. या कामात येताना मला वाटलं होतं, घरात सासऱ्यांचं केलंय तेवढंच तर करायचं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली, तिच्यातून मी जीडीएचा कोर्स केला. आधी वर्ग आणि डमीवर सराव, मग हॉस्पिटलच्या वॉर्डात प्रत्यक्ष काम, शेवटी बाहेरचे परीक्षक येऊन लेखी आणि करून दाखवायची परीक्षा. वॉर्डात कचऱ्याचे रंग पाठ करून घेतले: रक्त लागलेला कापूस पिवळ्यात, नळ्या आणि हातमोजे लालमध्ये, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. घरी या पिशव्या नसतात, तरी इन्सुलिनच्या सुया मी जाड प्लास्टिकच्या डब्यातच टाकायला लावते. कचरा उचलणाऱ्या बाईचाही हात माझ्यासारखाच आहे.

कोविडच्या लाटेत सरकारनं जून २०२१ मध्ये एक लाख लोकांसाठी सहा छोटे अभ्यासक्रम काढले, त्यात घरी रुग्ण सांभाळण्याचाही होता. माणसं कमी पडली तेव्हा आमची गरज सगळ्यांना कळली. ही गरज जुनीच आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि विधवा, निराधार बायकांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवलं. त्या काळी परक्या आजाऱ्याला हात लावणं हलकं समजलं जाई. रमाबाईंनी लोकांचा विरोध पत्करला, पण बायकांच्या हाती शिकून करायचं, मानाचं काम दिलं.

दुपारी ४.३०

चहा. आजोबा पाळ्यांच्या गोष्टी सांगतात. पहिली पाळी, दुसरी, रात्रपाळी, भोंगा झाला की गेटवर माणसांचा लोंढा. आठ तास झाले की मशीन दुसऱ्याच्या हाती. जादा वेळ थांबलं तर जादा पैसे. युनियन होती, आठवड्याची सुट्टी होती, गणपतीची रजा होती.

१९४८ च्या कारखाने अधिनियमानं आठवड्याच्या कामाला ४८ तासांची मर्यादा घातली आणि एक दिवस सुट्टीचा ठेवला. आमची ड्युटी बारा तासांची. सातही दिवस केली तर ८४ तास होतात, आणि खाडा केला तर त्या दिवसाचे पैसे जातात. घरचे जे देतात त्यातला काही भाग ब्युरो ठेवतो. भांडुपमध्ये पुष्कळ वस्ती कोकणातली. गणपतीत सगळ्यांनाच गावी जायचं असतं, पेशंटच्या घरच्यांनाही आणि आम्हालाही. बदली बाई मिळाली तर आम्ही जातो, नाही तर फोनवर आरती ऐकतो.

आजोबांना मी एकदा हे तासांचं गणित सांगितलं. ते म्हणाले, "एवढे तास लावले असते तर आम्ही गेटवर बसलो असतो." त्याच महिन्यापासून या घरी मला रविवारची सुट्टी मिळाली, पगारी. रविवारी मुलगा आणि वहिनी आजींचं सगळं करतात. मी दोघांनाही कूस बदलायला आणि भरवायला शिकवलंय.

संध्याकाळी ६.४५

दिवा लावल्यावर आजोबा प्रार्थना म्हणतात. आजींना एरवी "होय" सोडून शब्द येत नाही, पण ही प्रार्थना सुरू झाली की त्यांचे ओठ हलतात, मधले दोन-तीन शब्द स्पष्ट निघतात. वाचा गेलेल्या माणसाला लहानपणापासून पाठ असलेलं, चालीत म्हटलेलं पुष्कळदा येतं, असं स्पीच थेरपिस्टनं सांगितलं होतं. म्हणून आम्ही रोज एक ते वीस आकडेही चालीवर म्हणतो. कालपर्यंत त्या पाचला थांबत होत्या, आज सातपर्यंत आल्या. ते मी वहीत लिहिलं, बीपीच्या आकड्याशेजारी.

रात्री ८

रात्रीची ताई येते. पुन्हा ओव्हर, पुन्हा दोघींनी पाठ बघणं, पुन्हा हात धुणं. वहिनी ऑफिसमधून आलेल्या असतात. त्यांना दिवसाचं थोडक्यात सांगते आणि निघते. घरी पोचायला पावणेनऊ. अंघोळ केल्याशिवाय मी मुलांना जवळ घेत नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी आज ना उद्या अशी एखादी ताई येईल. तिचं सर्टिफिकेट बघा, आणि नसेल तर तिला शिकायला पाठवा. पेशंटला क्षय असो, कावीळ असो, आजार लपवू नका. आम्हालाही घरी मुलं आहेत. काय करायचं आणि काय नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून द्या. इंजेक्शन तिच्याकडून मागू नका, धुणीभांडी तिच्यावर टाकू नका. तिला बसायला खुर्ची आणि जेवायला अर्धा तास द्या. कूस बदलणं आणि भरवणं घरातल्या एका तरी माणसानं तिच्याकडून शिकून घ्या. आणि ब्युरोला फोन करून ताईचे पैसे किती, असं विचाराल, तेव्हा तिची सुट्टी कोणत्या वारी, हेही त्याच फोनवर विचारा.